षष्ठीला येताय ते ठीक, पण

पैठण
फाल्गुन शुद्ध दशमी

चि. माईस,
अनेक आशीर्वाद.

मैत्रिणींना घेऊन जायकवाडी धरणावर तंबू ठोकायचा आणि होड्या फिरवायच्या, या तुझ्या बेतावर बोलता बोलता परवा फोन तू ठेवलास की रेंज गेली, यावर आमचं दोघांचं अजून एकमत नाही. आई म्हणते ठेवला. मी रेंजच्या बाजूनं आहे. म्हणून म्हटलं लिहावं. फोनवर मी बोलायला लागलो की तू मध्ये बोलतेस, तू बोललीस की माझा आवाज चढतो, आणि आई दोघांनाही 'हळू, हळू' म्हणत आपल्यापेक्षा मोठ्यानं ओरडते. कागदावर निदान एकाचं पुरतं होतं.

आधी घरचं. आईचा गुडघा आहे तसाच, उतारावर जास्त धरतो. साखरेच्या गाठी आणून वरच्या फळीवर ठेवल्यात. तू तिशीची झालीस तरी होळीला तुझ्या नावाची गाठी आलीच पाहिजे, यात बदल नाही. बंडूच्या घरी बोलणं अजून बंदच आहे, पण धुळवडीचा डबा जायचा तो जाईल. आत्याचं तुला कळलं असेलच. ती आता बरी आहे, पण तिला फोन कर, मी सांगितलं म्हणून नको, आपणहून कर.

गावात नाथषष्ठीची गडबड सुरू झाली. गंगेचं, म्हणजे आपल्या गोदेचं, पात्र साफ करणं चाललंय, रहाटपाळण्याचे खांब येऊन पडलेत, बाहेरच्या नाथमंदिराच्या रस्त्याला बुक्क्याची आणि तुळशीमाळांची पालं उभी राहताहेत. तुझ्या मैत्रिणी मुंबई-पुण्याच्या. त्यांचा रंग धुळवडीलाच संपतो. आपल्याकडं पंचमीला रंग आणि दुसऱ्या दिवशी षष्ठी, हे त्यांना आधी समजावून सांग, नसता पांढरे कपडे घालून येतील. पंचमीला कानात गेलेला रंग षष्ठीच्या गर्दीतही तसाच असतो, नाथांना त्याचं काही वाटत नाही.

तुमचा बेत मला मान्य आहे, असं लिही म्हणून आईनं बजावलंय. मान्य आहे. फुगवट्याच्या काठाला तंबू ठोका, चूल मांडा, भाकरी जमल्या नाहीत तर घरून नेऊ. चांदणं कमी असेल, चांदण्या भरपूर दिसतील. तो सगळा भाग 1986 पासून पक्ष्यांचं अभयारण्य आहे तेव्हा स्पीकर लावून नाचू नका. थंडीतले पाहुणे बरेचसे परतले असतील, पण उथळ गाळात रोहित उभे दिसले तर तुमचं नशीब. गाळपेरीची खरबुजं तोपर्यंत निघायला लागतील, ती काठावरच फोडून खा, बाजारात त्यांना ती चव राहत नाही. हे सगळं करा. फक्त पाण्यात उतरू नका.

झालं, लिहिलंच. नाही लिहायचं ठरवलं होतं.

फोनवर तू विचारलंस, 'अण्णा, सगळी नोकरी पाण्यावर काढली आणि तुम्हीच पाण्याला एवढं भिता?' तेव्हा उत्तर सुचलं नाही, आता सुचतंय. माझी नोकरी पाण्यावर नाही गेली, पाणी मोजण्यात गेली. डावा कालवा 208 किलोमीटरचा, त्यातला माझ्या वाट्याचा तुकडा मी सायकलवर आणि पुढं मोटरसायकलवर हिंडलो. आवर्तन सुटलं की चारीच्या तोंडाशी उभं राहायचं, वरच्याला कमी पडलं म्हणून वरच्याच्या शिव्या, खालच्याला पोचलं नाही म्हणून खालच्याच्या. रात्री कुणी तरी दार उचलून ठेवायचं आणि सकाळी सगळं गाव म्हणायचं, आम्हाला माहीत नाही साहेब. ते पाणी गुडघ्याएवढं, फार तर छातीएवढं. त्याला मी कशाला भिईन?

धरणाचं वेगळं आहे. पोहायला मी विहिरीत शिकलो, कमरेला वाळल्या भोपळ्याची सांगड बांधून. तात्या वरून दोर धरून बसायचे. विहिरीत दमलं की दोन हात मारले की दगड लागतो, कपारीला बोटं अडकवता येतात. तुझा तो पोहण्याचा तलाव तसाच, फरशी बसवलेली विहीर. धरणाच्या नाथसागरात हात मारत गेलं की पुढं पाणीच लागतं. दुपारनंतर वारा सुटला की त्याच्या लाटा तू बघितल्यास ना? नवखा माणूस म्हणतो, समुद्रच की हो. म्हणू द्या. पण समुद्रावर माणूस भिऊन वागतो, इथं तळं समजून वागतो.

आणि वरून दिसतं ते काहीच नाही. तुला 2016 चा उन्हाळा आठवतो? लातूरला रेल्वेनं पाणी नेत होते त्या वर्षी, धरण पार मृतसाठ्यात गेलं होतं. तू परीक्षा देऊन आली होतीस आणि आपण दोघं मोटरसायकलवर जुन्या गावाला गेलो होतो. मी बारा-तेरा वर्षांचा असताना सोडलेलं गाव. मारुतीचा पार ओळखू आला, बाकी सगळी जोती सारखीच. तू एका उंबऱ्यावर उभी राहिलीस आणि म्हणालीस, हे आपलं का? आपलं नव्हतं, पाटलाचं होतं, पण तू इतक्या हौसेनं उभी होतीस की मी हो म्हणालो. पुढं बाभळीची खोडं होती, काळी पडलेली, टोकदार, त्यांच्यात तंगुसाची, नायलॉनच्या दोऱ्याची, फाटकी जाळी अशी गुंतलेली की माझ्या चपलेत अडकलं ते सोडवायला तुला खाली बसावं लागलं. नखानं तुटेना, शेवटी तू किल्लीनं घासून तोडलंस.

मग तो आड. तू सरळ चालत निघाली होतीस, मी दंड धरून मागं ओढलं. भोवतालच्या जमिनीसारखीच जमीन, तसाच भेगाळलेला गाळ. मी काठी टोचली तर मुठीपर्यंत आत गेली आणि काढताना चोखल्यासारखा आवाज आला. आजी त्या आडावर पाणी शेंदायची. तू काही बोलली नाहीस, परत येताना मात्र मला घट्ट धरून बसली होतीस.

माई, तुमची ती लांबुडकी एकेका माणसाची होडी जाणार तिथं खाली हे सगळं आहे. आड आहे, बाभळी आहेत, जाळी आहेत. फाल्गुनात पाणी मागं सरायला लागलेलं असतं, काठाला आठ-दहा पावलं नुसता चिखल, आणि वरून तो वाळलेला दिसतो. पाय गेला की ओढून निघत नाही, आडवं पडून निघावं लागतं. हे तुमच्या शिबिरात शिकवतात का? शिकवत असतील तर मी गप्प बसतो.

तुला पोहता येत नाही असं मी कुठं म्हणतोय? तुझा तो पदकाचा फोटो मी पेन्शनीच्या रांगेतही दाखवलाय. एका जुन्या साहेबानं विचारलं, मुलगी पोहते? म्हटलं, पोहते, आणि पूलही बांधते. आपल्या घरात तुझ्या आधी एकही बाई गुडघ्याच्या वर पाण्यात गेलेली नाही. आजी म्हणायची, गंगेला पाय लावू नये, हात लावावा. तू डोक्यासकट आत जातेस. मला बघायला आवडतं, खरं सांगतो. आवडतं आणि बघवत नाही, दोन्ही.

तर नियम असे. जॅकेट अंगात, नुसतं होडीत ठेवलेलं नाही, पट्टे आवळून. दुपारी बाराच्या आत काठावर. एकटीनं पुढं जायचं नाही. पंचमीच्या दिवशी होडी काढायचीच नाही. त्या दिवशी रंग खेळलेली पोरं अंग धुवायला ट्रॅक्टर भरभरून पाण्यावर येतात, कोण कुठल्या धुंदीत असतो सांगता येत नाही. त्यातलं एखादं बुडायला लागलं तर तुम्ही उडी मारणार, मला माहीत आहे तू मारशील, आणि बुडणारा माणूस वाचवणाऱ्याच्याच गळ्याला...

राहू दे. परिपत्रक काढल्यासारखं लिहायला लागलो. सवय जात नाही, माफ कर. आई वाचून म्हणाली, 'पत्र आहे का नोटीस?' ती स्वतः मात्र त्या पंचमीपासून धरणाच्या भिंतीकडं फिरकली नाही. तू विचारू नकोस तिला, मैत्रिणींसमोर तर अजिबात नको.

एक सांगू? धरणाला मी शत्रू मानत नाही, तात्याही मानत नव्हते, आणि त्यांची तर बत्तीस एकर गेली. 1965 च्या ऑक्टोबरात शास्त्रीजी पायाभरणीला आले तेव्हा तात्या बैलगाडी जुंपून बघायला गेले होते. लढाई थांबून महिनाही झाला नव्हता. जय जवान जय किसान म्हणणारा माणूस आपल्या गावच्या पाण्याचं बोलतोय, याचंच त्यांना अप्रूप. 1976 ला इंदिराबाई आल्या तोपर्यंत आम्ही पत्र्याच्या घरात होतो, तेव्हा नाही गेले. पण पुढं ज्या वर्षी भादव्यात धरण पूर्ण भरून 1522 फुटाला टेकलं आणि 27 दरवाज्यांतले काही उचलले की मला म्हणायचे, चल, बघून येऊ. भिंतीखाली उभं राहून अंगावर तुषार घ्यायचे, कागदातली गरम भजी खायचे, आणि परत येताना एक शब्द नाही. तुलाही नेलं होतं त्यांनी खांद्यावर. 2006 ला मात्र ते नाहीत म्हणून बरं वाटलं मला. त्या ऑगस्टात गंगा गावात शिरली, आपण वरच्या मजल्यावर आणि तू मजेत कागदाच्या होड्या सोडत होतीस जिन्याच्या पायरीवरून. आई रडत होती आणि तू म्हणत होतीस, अण्णा, अजून एक पायरी येईल का?

तू बदलली नाहीस एवढंच म्हणायचंय.

तंबूचं जे ठरेल ते ठरेल, पण एक दिवस आधी येता आलं तर बघ. तुकाराम बीजेपासून नाथांच्या वाड्यात रांजण भरायला लागतात. श्रीखंड्यानं बारा वर्षं पाणी भरलं तो रांजण, मैत्रिणींना गोष्ट तूच सांग, मी सांगायला लागलो की गाढवाला पाजलेल्या कावडीपर्यंत जातो. ज्याच्या पाण्यानं रांजण उतू जातो त्याचा मान. तू सात-आठ वर्षांची होतीस तेव्हाचं मला अजून दिसतं. काठाला पोचा आलेला आजीचा तांब्या, निम्मं पाणी फ्रॉकवर, पायऱ्या ओल्या, मागून रेटारेटी, आणि तू पुढच्या बाईला म्हणतेस, माझा नंबर आहे. ओतलंस. वाट बघितलीस. रांजण काही भरला नाही. मग तू परत रांगेच्या शेवटाला जाऊन उभी राहिलीस, आणि मी तुझ्याबरोबर. जेवायला आपल्याला चार वाजले होते त्या दिवशी.

षष्ठीच्या स्नानाला धरणातून पात्रात पाणी सोडतात, तिथं उतरा की, घाटावर, लोकांत. आईही येईल, तेवढी येते. अष्टमीला सूर्य बुडताना काल्याची हंडी फुटेपर्यंत थांबता आलं तर थांबा, सुट्टीचं बघ. ज्ञानेश्वर उद्यानाच्या कारंज्यांची मात्र त्यांना फार आशा लावू नकोस, तुमच्या शाळेच्या सहलीतलं उद्यान डोक्यात धरून जाल तर हिरमोड होईल.

भोईमामाशी मी बोललोय. रागावू नकोस. तो म्हणाला, पोरींना जाऊ द्या, मी माझा तराफा घेऊन जवळपास जाळं टाकत राहीन, त्यांना कळणारही नाही. मी म्हटलं, कळलं तरी चालेल. पैसे घेणार नाही तो, तेव्हा त्याच्या नातीसाठी रंगाची पेटी आण, चोवीस रंगांची. मला त्यानं तराफ्यावर घ्यायला नकार दिला. थर्माकोलवर दोघांचं वजन पेलत नाही म्हणाला.

येताना आईसाठी गुडघ्याचा पट्टा आण, मागच्या वेळचा सैल पडतो. गाडी गावात आणू नका, षष्ठीला आत सोडत नाहीत. बंडूच्या शेतात लाव, बोलणं बंद असलं तरी गाडीला तो नाही म्हणणार नाही.

तुझे
अण्णा

ता. क. जॅकेटला शिट्टी असते म्हणे. ती वाजते का ते घरून निघतानाच बघून घे.