आजारी माणसाने शिकायचंसुद्धा नाही का? कामगार मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. केंद्रीय कामगार व रोजगार मंत्री, नवी दिल्ली

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी पुण्यातली एक कामगार बाई. राहते विश्रांतवाडीला, कामाला भोसरी एमआयडीसीत, वायरिंग हार्नेसच्या (गाड्यांच्या वायरींचे जुडगे बनवायच्या) लाइनवर. गेल्या वर्षी मला स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं ईएसआयमधून, म्हणजे पगारातून हप्ता कापून चालणाऱ्या सरकारी कामगार विमा योजनेतून झालं, त्याबद्दल आभारच आहेत, प्रायव्हेटला आमचं घर विकूनही भागलं नसतं. तक्रार आहे ती मागच्या आठवड्याची.

ज्यावर आजारपणाचे पैसे मिळतात ते ईएसआयच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट वाढवून घ्यायला गेले होते. डॉक्टरांनी विचारलं, दिवसभर काय करता? मी खरं ते सांगितलं, की संध्याकाळी दोन तास टॅलीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर हिशोब ठेवायच्या क्लासला जाते. तर म्हणाले क्लासला बसता येतं म्हणजे तुम्ही फिट, आणि फायनल, म्हणजे कामावर जायला फिट असल्याचं शेवटचं सर्टिफिकेट लिहून हातात दिलं. मी म्हटलं अहो, खुर्चीवर दोन तास बसणं आणि लाइनवर आठ तास उभं राहून क्रिम्पिंग (वायरीच्या टोकाला पिन दाबून बसवणं) करणं एकच आहे का? उत्तर नाही. ईएसआयच्या शाखा कार्यालयात गेले तर तिथल्या साहेबांनी १९४८ च्या ईएसआय कायद्याचं कलम ६४ काढलं, बरं होण्यात अडथळा येईल असं विमाधारकाने काही करायचं नाही म्हणे. शिकल्याने बरं होण्यात काय अडथळा येतो ते मात्र कुणी सांगेना. आणि याच कार्यालयात दिवाळीच्या आधी तक्रारींच्या बैठकीत मला शब्द दिला होता की आजारपणाचे पैसे चालू ठेवून अर्धवेळ काम करता येईल का ते वर विचारतो आणि लेखी कळवतो. लेखी काही आलं नाही, पैसे मात्र बंद झाले.

साहेब, मी क्लास हौस म्हणून लावलेला नाही. काखेतल्या गाठी काढल्यात, उजवा हात सुजतो, जड उचलायचं नाही असं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनीच बजावलंय. हार्नेसचे बंडल आता मला आयुष्यात उचलता येणार नाहीत. मग स्टोअरला किंवा बिलिंगला बसता यावं म्हणून बचत गटातून कर्ज काढून फी भरली. केमोच्या वेळी तोंड इतकं आलं होतं की पाणी गिळताना डोळ्यातून पाणी यायचं, नखं काळी पडली, मुलीची दहावी त्यातच गेली, तिने माझे कपडे धुतले आणि पेपरही दिले. नवरा रिक्षा चालवतो, मला दवाखान्यात न्यायचं तर त्याचा धंदा बुडायचा म्हणून मी ओकारी दाबत बसने जायचे. एवढं सगळं सोसून मी परत कामाला लागायची तयारी करतेय, आणि मलाच चोरासारखं उभं करून प्रश्न विचारतात.

आता हिशोब बघा. ढोबळ धरा, माझा रोज ६०० रुपये. पहिले ९१ दिवस ७० टक्के मिळाले, कॅन्सर ईएसआयच्या ३४ मोठ्या आजारांच्या यादीत असल्यामुळे नंतर ८० टक्के, म्हणजे ४८०. कंपनीतले एचआरवाले म्हणाले अर्धा दिवस या, हलकं काम देतो, ३०० देऊ. पण त्या १९४८ च्या कायद्याचं कलम ६३ सांगत आलं की ज्या दिवशी काम केलं त्या दिवसाचा आजारपणाचा पैसा नाही, चार तास केलं तरी नाही. म्हणजे घरी पडून राहिले तर ४८० आणि अंग सावरून कामाला गेले तर ३००. कोण जाईल? तेच ईएसआय चालवणाऱ्या महामंडळाने वरचे १८० दिले असते तर माझं नुकसान नाही आणि महामंडळाचे रोजचे ३०० वाचले असते! हे गणित माझ्या मुलीला कळतं, दिल्लीत कसं कळत नाही?

ब्रिटनमध्ये आजारपणाचा भत्ता घेणाऱ्याला कमाईची मर्यादा पाळून आठवड्याला १६ तासांच्या आत काम करू देतात. आयर्लंडने तर २०१२ मध्ये यासाठी वेगळी योजनाच आणली, थोडं काम करा आणि भत्त्याचा काही भाग घेत राहा. आपल्याकडे माणूस एकतर पूर्ण आजारी नाहीतर पूर्ण बरा, मधलं काही नाहीच. कॅन्सरमधून माणूस असा एका तारखेला बरा होतो का हो? आणि फायनल मिळालं की संरक्षणही संपतं. आजारपणाचा पैसा चालू असताना मालकाला कामगाराला कामावरून काढता येत नाही, १९४८ च्या कायद्यात तसं कलम ७३ होतं. आता मी कागदावर फिट आहे, लाइनवर उभं राहता आलं नाही तर उद्या कंपनी मला घरी पाठवेल.

मालकांसाठी सरकार किती पटकन हलतं ते आम्ही बघितलंय. २०१९ मध्ये त्यांचा ईएसआयचा हप्ता पगाराच्या ४.७५ वरून ३.२५ टक्क्यांवर आणला. आमचाही १.७५ चा ०.७५ केला, पण ईएसआयची २१,००० ची पगारमर्यादा (त्याहून जास्त पगार असला तर ईएसआय नाही) २०१७ पासूनची आहे, पुण्यात त्यानंतर खोलीभाडं कुठे गेलं ते येऊन बघा. २०२० ला ईएसआय कायद्यासकट नऊ कायदे एकत्र करून सामाजिक सुरक्षा संहिता केली, नोव्हेंबर २०२५ ला ती लागूही केली, एवढी मोठी उलथापालथ करताना बरं होत असलेल्या कामगारासाठी मधली एक पायरी घालता आली नसती? कामगाराला विचारतंच कोण. कायदा करणाऱ्यांपैकी कुणाला सर्टिफिकेटच्या रांगेत उभं राहावं लागत नाही, ऑनलाइन क्लेम भरताना ओटीपी येत नाही म्हणून त्यांच्या घरात चूल अडत नाही. आम्ही पैसे भरतो तेव्हा कुणी प्रश्न विचारत नाही, पगारातून आपोआप कापले जातात, घ्यायची वेळ आली की मग आमच्यावर संशय.

माझी मागणी साधी आहे. शिकणं म्हणजे काम नव्हे असं सगळ्या शाखांना आणि डॉक्टरांना लेखी कळवा. डॉक्टरच्या सल्ल्याने अर्धा दिवस काम करणाऱ्याला फरकाची रक्कम द्या. आणि माझं फायनल मेडिकल बोर्डापुढे परत तपासा, माझा हात बघून ठरवा, क्लासची वेळ बघून नाही.

क्लास मी सोडलेला नाही. परत कुणी विचारलं तरी खरंच सांगणार आहे.

आपली,
एक विमाधारक कामगार, पुणे