शिवण का सुटते, तेही छापा

मा. संपादक,
स. न.

कालच्या आरोग्य पुरवणीतला 'पोटातले मित्र' वाचला. चित्रं सुरेख. हसरे जिवाणू तर फारच गोड. लेखकमहाशय म्हणतात, पोटाच्या ऑपरेशनआधी आठवडाभर प्रोबायोटिकच्या, म्हणजे जिवंत 'चांगल्या' जिवाणूंच्या, कॅप्सूल घ्या, शिवण झटपट भरून येईल. संपला विषय!

माझ्या धाकट्या भावाच्या मोठ्या आतड्याचा गाठ असलेला भाग काढून दोन टोकं जोडली होती. आठवड्याच्या आत ताप चढला, पोट फुगलं. जोड गळत होता. पुन्हा ऑपरेशन, आणि मग कित्येक महिने पोटावर मल गोळा करायची पिशवी. विचारलं तर उत्तर मिळालं, "टाके व्यवस्थित होते, होतं असं कधी कधी." टाके व्यवस्थित होते यावर माझा आजही विश्वास आहे. राग वेगळाच आहे. ऑपरेशनआधी साखर विचारली, रक्तदाब विचारला, सिगारेट विचारली, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या विचारल्या. पण आधीच्या काही महिन्यांत आधी घशासाठी, मग दाढेसाठी आणि नंतर 'असू द्या, खबरदारी म्हणून' किती अँटिबायोटिकं पोटात गेली, हे एकाही माणसाने विचारलं नाही. फॉर्मवर तो रकानाच नव्हता.

हा प्रश्न काही माझ्या डोक्यातून आलेला नाही. शिकागो विद्यापीठातले सर्जन जॉन अल्व्हर्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्ये उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. एंटरोकॉकस फीकॅलिस हा एरवी आतड्यात मुकाट्याने राहणारा जिवाणू. अँटिबायोटिकने बाकीचे जिवाणू कमी झाले की अशाला रान मोकळं मिळू शकतं. जोडाच्या जागी तो माजला की कोलॅजन हे ऊती बांधून ठेवणारं प्रथिन खातो, वर शरीराचं स्वतःचं कोलॅजन तोडणारं विकरही (एन्झाइम) चेतवतो. आणि जोड धरून ठेवतं ते कोलॅजनच! शिरेतून दिलेल्या नेहमीच्या अँटिबायोटिकने तो तिथून हटला नाही, थेट जागेवर औषध दिल्यावर हटला. 1955 मध्येच कोन आणि राइव्हज यांनी कुत्र्यांच्या आतड्यात, जोडाच्या ठिकाणी, अँटिबायोटिक सोडून रक्तपुरवठा तोडलेला जोडही टिकवून दाखवला होता. म्हणजे संशय जुनाच आहे. भावाच्या बाबतीत हेच घडलं असा माझा दावा नाही. उंदीर आणि माणूस यांतला फरक मला कळतो. ऑपरेशनच्या वेळचं अँटिबायोटिक हवंच, त्यावरही वाद नाही. पण निदान विचारा तरी!

आता कॅप्सूलविषयी. काही चाचण्यांत पोटाच्या ऑपरेशननंतरचे संसर्ग प्रोबायोटिकने कमी झाले, हे खरं. पण नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाच्या रुग्णांना ती दिली, तेव्हा घेणाऱ्यांत 16 टक्के दगावले, न घेणाऱ्यांत 6 टक्के. 2008 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलंय ते. इस्रायलच्या वाइझमान संस्थेला 2018 मध्ये असंही दिसलं, की अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांच्या आतड्यात मूळचे जिवाणू परतायला उलट जास्त वेळ लागला. तुमच्या लेखात यातलं अक्षर नाही. त्याच पानावर खाली कॅप्सूलची जाहिरात मात्र आहे. योगायोग असेल, मी कशाला शंका घेऊ?

शरीरातले जिवाणू पेशींच्या 'दहापट' हेही आता सोडा. 2016 च्या हिशेबाने साधारण 38 लाख कोटी जिवाणू आणि 30 लाख कोटी पेशी, म्हणजे जवळपास बरोबरी.

पुढच्या पुरवणीत आतडी रोज उघडून पाहणाऱ्या एखाद्या सर्जनकडून लिहून घ्या, आणि त्यांना त्या रकान्याबद्दल जरूर विचारा.

जाता जाता, माझ्या मागच्या पत्रातला एक 'नाही' तुम्ही गाळलात आणि मी ज्याच्या विरोधात लिहिलं होतं त्याचाच समर्थक ठरलो. शेजारी अजून अभिनंदन करतात. या वेळी जागा कमी पडली तर वरचा नमस्कार कापा, आकडे राहू द्या.

आपला,
एक जुना वर्गणीदार