काका, तुमच्या कपलरमधून अख्ख्या वर्गाला तुतवार दिसला

आदरणीय काका,
साष्टांग नमस्कार.

चापडगावच्या पक्षीनिरीक्षण मनोऱ्यावर तुम्ही आमच्या शाळेच्या दुर्बिणीला माझा फोन जोडून दिलात, त्याला एक हिवाळा उलटून गेला. तेव्हा मी आभार मानायला लागले, तर "आभार राहू द्या बाई, पोरांना पक्षी दाखवा" म्हणून तुम्ही विषयच संपवलात. पोरांना पक्षी दाखवले, अजून दाखवते आहे. आता तरी मला आभार मानू द्या, आणि तेही चारचौघांत. तालुक्यातले बरेच शिक्षक विचारतात की हे नेमकं बसवलं कसं. त्यांच्याही उपयोगी पडावं म्हणून तुम्ही काय काय केलंत ते सविस्तर लिहिते.

गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात, तिथे नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे. त्यात वर्षानुवर्षं गाळ साचत गेला, मधे बेटं तयार झाली, उथळ पाणी पसरलं आणि पक्ष्यांना हवी तशी जागा आपोआप झाली. २०२० साली हे ठिकाण रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत गेलं, महाराष्ट्रातलं पहिलं. आमच्या मुलांच्या बापजाद्यांची शेतं याच पाण्यावर. हिवाळ्यात मुलं बदकांचे थवे डोक्यावरून जाताना बघत शाळेत येतात. पण विचारलं तर बगळा, बदक आणि पाणकोंबडी यापलीकडे नाव सांगता येत नव्हतं. यात मुलांचा काय दोष? एवढ्या लांबून थापट्या काय आणि तलवार बदक काय, पाण्यावरचे काळे ठिपकेच.

गावकऱ्यांच्या देणगीतून शाळेला ८×४० ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि पुढची काच चाळीस मिलिमीटरची असलेली दुर्बीण मिळाली, तेव्हा वाटलं की प्रश्न सुटला. पण एक दुर्बीण आणि अख्खा वर्ग. त्यात लहान मुलांच्या दोन डोळ्यांमधलं अंतर इतकं कमी असतं की दुर्बीण पूर्ण मिटली तरी दोन्ही नळ्या एकदम डोळ्यांसमोर येत नाहीत. कुणाला अर्धं वर्तुळ दिसे, कुणाला नुसता अंधार. मागे रांग उभी असते, म्हणून पोर बिचारं "दिसला, दिसला" म्हणून पुढे सरकतं. त्याला काय दिसलं हे बाईंना कळायला काही मार्ग नाही. तुम्ही त्या दिवशी मनोऱ्यावर बाजूला बसून हेच बघत होतात. बाकीची मंडळी आपापल्या मोठ्या लेन्स लावून बसली होती. कॅमेरा आणि लेन्स मिळून लाखाच्या वरचा मामला, जिल्हा परिषदेच्या शाळेने त्याचं नावही काढू नये. तुम्ही उठून आलात आणि विचारलंत, "बाई, तुमचा फोन द्या बरं जरा."

पहिल्यांदा तुम्ही फोनचा कॅमेरा चालू करून मागच्या एकेका लेन्सवर बोट ठेवलंत. ज्या लेन्सवर बोट ठेवल्यावर पडदा काळा झाला, ती मुख्य लेन्स. इतकी साधी युक्ती, पण आजवर कुणी सांगितली नव्हती. मग दुर्बीण हातभर लांब धरून, सूर्याकडे पाठ करून, उजळ आभाळाकडे रोखलीत आणि आयपीसमधला, म्हणजे डोळ्याला लावायच्या भिंगातला, तो लहानसा पांढरा ठिपका मुलांना दाखवलात. "चाळीस भागिले आठ किती?" पाच. ठिपका पाच मिलिमीटरचा. दुर्बिणीने गोळा केलेला सगळा उजेड त्या ठिपक्यातून बाहेर पडतो, आणि फोनच्या लेन्सचं छिद्र त्याहून लहान असल्यामुळे ते बरोबर त्या ठिपक्यावर बसलं की चित्र मिळतं. जरा इकडेतिकडे झालं की एका बाजूने काळी सावली येते. हाताने धरून हे जमतं, पण टिकत नाही. भागाकार कशाला शिकायचा असं विचारणारी माझी पोरं त्या दिवशी गप्प होती.

पुढच्या रविवारी तुम्ही पिशवीतून चाळीस एमएमचा पीव्हीसी कपलर, म्हणजे दोन पाइप जोडायचा तुकडा, काढलात. सातपूरला कारखान्यात लेथवर ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांचे हात कसे चालतात ते आम्ही बघितलं. फोनच्या जुन्या कडक कव्हरला मुख्य लेन्सच्या जागी गोल भोक, त्या भोकाच्या बरोबर मध्याला कपलर अरल्डाइटने चिकटवलेला, आणि आतून सायकलच्या ट्यूबची पट्टी, म्हणजे आयपीसवर घट्ट बसेल आणि काचेला ओरखडा जाणार नाही. चष्मेवाले करतात तसे रबरी कप खाली दुमडून घेतलेत. मग खरं काम सुरू झालं. कपलर थोडा लांब होता, त्यामुळे पडद्यावर मधे लहानसं वर्तुळ आणि भोवती नुसता काळोख. तुम्ही तो काढलात, कानशीने कड घासलीत, परत बसवून बघितलंत. वर्तुळ किंचित मोठं झालं. परत घासलंत. मुलं फोनभोवती गोळा होऊन "अजून काका, अजून थोडं" म्हणत होती. शेवटी एकदाचं वर्तुळ कडेपर्यंत स्वच्छ उजळलं आणि तुम्ही थांबलात. "आता एक कणही घासायचा नाही," म्हणालात. घाई न करता केलेलं काम कसं असतं हे मुलांना मी कितीही बोलून शिकवू शकले नसते.

फोनची मुख्य लेन्स मोठ्या कॅमेऱ्याच्या हिशेबात साधारण २४ ते २६ मिलिमीटरची असते (हा आकडा जितका मोठा, तितका पक्षी जवळ दिसतो). आठपट दुर्बिणीला जोडली की दोनशेच्या आसपास जाते, आणि वर्तुळाची काळी कड जाण्यासाठी फोनमध्ये दुप्पट झूम केला की चारशे. फार पुढे जायचं नाही, कारण बरेच फोन मधेच दुसऱ्या लेन्सवर उडी मारतात आणि पडदा काळा होतो. हे तुम्ही बजावलं नसतं तर आम्ही काहीतरी बिघडलं म्हणून घरी आलो असतो.

आणखीही तुमचे काही शब्द मी वर्गाच्या भिंतीवर लावले आहेत. फोन डाव्या नळीवर लावायचा, कारण डोळ्याचा नंबर जुळवायचं कडं बहुतेक दुर्बिणींत उजव्या आयपीसवर असतं आणि ते धक्क्याने फिरतं. आधी दुर्बिणीच्या चाकाने पक्षी स्पष्ट करायचा, मग पडद्यावर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड पक्का करायचा. पांढरा पक्षी असेल तर उजेड खाली ओढायचा, नाहीतर चमचा पक्ष्याच्या पिसांचा नुसता चुना होतो. दुर्बीण कठड्यावर बाजरीच्या पिशवीत रुतवून ठेवायची. बटण दाबताना फोन हलतो, म्हणून वायरच्या इयरफोनचं आवाजाचं बटण वापरायचं. फोटोपेक्षा व्हिडिओ घ्यायचा आणि नंतर थांबवून हवी ती चौकट निवडायची. दहा-साडेदहानंतर पाण्यावरची हवा थरथरायला लागते, तेव्हा आवरून घ्यायचं. आणि सूर्याच्या दिशेने दुर्बीण कधीही, चुकूनसुद्धा न्यायची नाही. डोळाही जातो आणि फोनही. ही शेवटची ओळ मी लाल अक्षरांत लिहिली आहे आणि प्रत्येक सहलीच्या आधी मुलांकडून मोठ्याने म्हणवून घेते.

आता तुम्हाला जे सांगायचं होतं ते. डिसेंबरात एका सकाळी चिखलाच्या काठावर तुतवार हा लहानसा पाणपक्षी चरत होता. तो शेपूट खालीवर करत चालतो म्हणून मुलांना ओळखता आला, पण तुतवारांत कुठला? पूर्वी मी तिथेच सोडून दिलं असतं. आम्ही व्हिडिओ घेतला आणि सावलीत बसून बघायला लागलो. सहावीतल्या एका मुलीने मधेच थांबवायला लावलं. "मॅडम, याची पांढरी भुवई डोळ्याच्या मागपर्यंत गेलीय." पाठीवर दाण्यादाण्यांचे ठिपके, पाय पिवळसर. पक्ष्यांचं पुस्तक उघडलं, तर तो ठिपकेवाला तुतवार निघाला. उत्तर युरोपपासून सायबेरियापर्यंतच्या पाणथळीत अंडी घालून हिवाळ्यात आपल्याकडे येणारा. थोडं पलीकडे दुसरा एक होता, जास्त गडद पाठीचा, भुवई डोळ्याच्या मागे न जाता पुढेच संपलेली. तो उडाला आणि मुलं हळहळली. पण व्हिडिओ चालू होता. एक-एक चौकट पुढे सरकवत गेलो, तर एका चौकटीत पंख वर उचललेला सापडला आणि पंखाची खालची बाजू काळपट दिसली. हिरवा तुतवार! वर्गात त्या दिवशी जो आरडाओरडा झाला तो शेजारच्या वर्गातल्या सरांनी येऊन बघावा इतका होता.

काका, पूर्वी जे मुलाच्या डोळ्यात अडकून राहायचं ते आता सगळ्यांच्या समोर येतं. कुणी चुकलं तर दुसरा पडद्यावर बोट ठेवून दाखवतो. बाईंनी सांगितलं म्हणून नाही, आपण बघितलं म्हणून ते बोलतात. शिक्षकाला याहून मोठं काही कुणी देऊ शकतं असं मला वाटत नाही, म्हणून हे पत्र.

मलेशियातले पक्षीनिरीक्षक लॉरेन्स पो यांनी १९९९ मध्ये साधा डिजिटल कॅमेरा टेलिस्कोपच्या आयपीसला लावून पक्ष्यांचे फोटो काढले आणि तिथून ही पद्धत जगभर पसरली, ही गोष्ट तुम्हीच सांगितलीत. मुलांना ती फार आवडते. फोन नव्हता तेव्हाही कुणीतरी असंच दोन वस्तू एकमेकींना लावून बघितल्या होत्या, हे त्यांना आपल्यातलं वाटतं.

उडता पक्षी आमच्या फोनात नीट येत नाही, संध्याकाळी दाणेदार चित्र येतं, आणि मोठ्या लेन्सवाल्यांसारखं पिसन्‌पिस कधी दिसणार नाही. त्याची मला खंत नाही. पण एक गोष्ट तुम्ही केलीत ती त्या लेन्सपेक्षा मोलाची आहे. चित्रबलाकांच्या जवळ जाऊ या म्हणून मुलं हटून बसली होती, तेव्हा तुम्ही म्हणालात, "तो मान वर करून आपल्याकडे बघायला लागला की समजायचं, आपण फार पुढे आलो. दोन पावलं मागे." ती दोन पावलं आमची मुलं आता न सांगता मागे येतात. घरट्याचा फोटो काढायचा नाही, हेही त्यांनी आपसात ठरवून टाकलं आहे. मोबाइल हातात आला की मुलं बिघडतात अशी तक्रार पालकसभेत दरवेळी होते. यंदा त्याच सभेत मी मुलांचे व्हिडिओ लावले. एक आजोबा उठून म्हणाले, हे पक्षी आमच्या मळ्यात रोज असतात, आम्हालाच कधी बघायला सुचलं नाही.

एक विनंती आहे. शेजारच्या गावातल्या शाळेला कुणीतरी १०×५० ची जुनी दुर्बीण दिली आहे. तिचा आयपीस आपल्या कपलरात जात नाही, पन्नासचा घेतला तर खूपच सैल बसतो आणि कितीही रबर गुंडाळलं तरी फोन एका बाजूला कलतो. त्यांच्या बाईंना मी तुमच्याबद्दल सांगून ठेवलं आहे. दिवाळीची सुट्टी संपली की नोव्हेंबरच्या एखाद्या रविवारी चापडगावला याल का? जेवण आमच्याकडे. येताना कानस आणा, कारण माझाही फोन बदलला आहे आणि या नव्याची मुख्य लेन्स वरची नसून मधली आहे.

आपली,
निफाड तालुक्यातली एक शिक्षिका आणि तिचा वर्ग