बाबा, बोटीच्या सगळ्या वायरी बदलल्या

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय निघाला की आई गप्प होते आणि बाबा "बघू" म्हणून पावसावर येतात, म्हणून लिहायला बसले. सप्टेंबरअखेर फ्लॅट सोडते आहे. नोटीस दिली. ऑक्टोबरपासून मी बोटीवरच राहणार. यंदा गणपतीला येणं होत नाही, तिकिटाचे पैसे बॅटऱ्या आणि वायरिंगला लागले. तुळशीच्या लग्नाला नक्की येते. आई, मोदकांना एकटीने बसू नकोस. वहिनीशी बोलले आहे, ती आदल्या दिवशीच येईल.

राग येणार हे धरून चालले आहे. पण साउदॅम्प्टनचं भाडं अर्धा पगार खातं, आणि बोट माझी स्वतःची आहे. १९७६ ची, २६ फुटी. या प्रकारच्या बोटी १९६९ ते १९८० या काळात इथे इंग्लंडात दोन हजारांवर बांधल्या गेल्या, अजून कितीतरी पाण्यात आहेत. तळाला कील, म्हणजे खाली निघालेलं जड पातं, एक नाही, दोन आहेत. ओहोटीला पाणी ओसरलं तरी कलंडत नाही, चिखलात सरळ उभी राहते. सांगाडा ठणठणीत होता, मोडकळीला आली होती ती वीज. ती नीट झाल्याशिवाय राहायला जायचं नाही, हे मी आधीच ठरवलं होतं.

बाबा, आता तुमच्यासाठी. पॅनेल उघडलं तर मागे पन्नास वर्षांचा गुंता. प्रत्येक मालकाने आपली वायर वरून ओढलेली, जुनी कोणी काढलेलीच नाही. डोलकाठीवरच्या दिव्याची वायर इंचभर सोलली, तांबं काळं. आणखी सोलली, तरी काळं. हातभर आत गेले तरी चकाकी दिसेना, टोकाशी हिरवी पूड. बंदराकडच्या सर्व्हिस वायरींबद्दल तुम्ही हेच सांगायचात, की खारं वारं आतून चढतं. म्हणून ठिगळं न लावता सगळं मुळापासून काढलं. नव्या वायरी कलई केलेल्या तांब्याच्या, बारीक तारांच्या. प्रत्येक टोकाला थिंबल, म्हणजे धातूचं टोक, दाबून क्रिम्प केलं, वर आतून गोंद असलेली, तापवली की आवळणारी हीट-श्रिंक नळी. सोल्डर मुद्दाम टाळलं. ते तारांत वर चढतं, तिथे वायर कडक होते आणि इंजिनाच्या थरथरीने नेमकी तिथेच तुटते. तुम्ही जन्मभर सोल्डरवाले, हे लगेच पटणार नाही, पण बोटीवर हीच पद्धत आहे.

जाडीत तर अजिबात काटकसर केली नाही. घरी २३० मधला एक व्होल्ट पडला तर कोण विचारतो? इथे १२ मधला एक पडला की आठ टक्के गेले. पाचशे वॅटचा मिक्सर घरी दोन-सव्वादोन अँपिअर घेतो, तोच इथे इन्व्हर्टरमार्फत बॅटरीतून पंचेचाळीसच्या आसपास ओढतो. मुख्य फ्यूज टर्मिनलपासून वीतभराच्या आत, आणि तो क्लास टी. नवी लिथियम बॅटरी शॉर्ट झाली तर हजारो अँपिअर सोडते. साधा फ्यूज उडाला तरी आत आर्क चालू राहू शकतो, हा तोडतो. पाणी उपसायचा पंप तेवढा मेन स्विचच्या आधीच, स्वतंत्र फ्यूजवर घेतला, म्हणजे मी सगळं बंद करून गेले तरी तो जागा.

आधी ११० अँपिअर-अवरच्या दोन लेड-अ‍ॅसिड होत्या. कागदावर २२०, पण निम्म्याखाली उतरवल्या की आयुष्य घटतं, म्हणजे हाताशी ११०. एकेक पंचवीस किलोच्या वर. आता लिथियम आयर्न फॉस्फेटच्या शंभराच्या दोन. त्यातले १६० बिनघोर वापरता येतात, आणि एक साधारण बारा किलोची, मी एकटी उचलते. इंजिन सुरू करायची बॅटरी वेगळी, जुन्या पद्धतीचीच ठेवली. इंजिनावर वीज तयार करणारा आल्टरनेटर तिलाच जोडलाय, तिथून डीसी-डीसी चार्जर मोजून लिथियमकडे देतो. थेट जोडला असता तर लिथियमने करंट ओढून त्याला जाळलाच असता. धक्क्यावरून येणाऱ्या २३० च्या लाइनला मी हात लावला नाही. ते काम इथल्या मरीन इलेक्ट्रिशियनने केलं, माझं सगळं तपासलं आणि लेखी दिलं. प्रत पाठवते.

आई, पुण्यातल्या स्कूटरला आग लागल्याचा तो २०२२ चा व्हिडिओ तू दोनदा पाठवलास. तो मी पूर्ण पाहिला. लिथियम सगळं एक नसतं गं. फोनमध्ये आणि बऱ्याच स्कूटरींमध्ये निकेल किंवा कोबाल्टचं असतं. माझ्यात लोह आणि फॉस्फेट, ते भडकायला खूप जास्त तापावं लागतं. कधीच पेटत नाही असं म्हणणार नाही, पण आतला बीएमएस, म्हणजे बॅटरीची राखण करणारं सर्किट, प्रत्येक सेलवर नजर ठेवतो. जास्त चार्ज झाली, जास्त तापली, शून्याखालच्या थंडीत कोणी चार्ज करायला गेलं, की तो स्वतःच करंट तोडतो. खरी भीती जुन्या बॅटऱ्यांची होती. चार्ज होताना त्या हायड्रोजन सोडायच्या, आणि त्या होत्या माझ्या बिछान्याखाली.

बिछाना नवा केलाय. गादीखाली जाळी आहे, ओल धरत नाही. डिझेलचा हीटर आहे, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे, आंघोळीला मरीनात चोवीस तास गरम पाणी. फ्रिज लहान पण खरा, ताक राहतं. तुझा कुकर शेगडीवर बरोबर बसतो, आणि कोरड्या चटणीसाठी मिक्सर चालतो.

अण्णामामाचं मला माहीत आहे. ते विसरून मी हे करत नाहीये. हिवाळाभर बोट हॅम्बल नदीत धक्क्याला बांधलेली असेल, उघड्या समुद्रात नाही. लाइफजॅकेट मी धक्क्यावर चालतानासुद्धा घालते. नौदलाच्या दिलना आणि रूपा २०२५ च्या मे महिन्यात तारिणी या शिडाच्या बोटीतून जगप्रदक्षिणा करून गोव्याला परतल्या, तेव्हा टीव्हीसमोर तूच हात जोडले होतेस. मला तेवढं लांब जायचंच नाहीये.

बाबा, आषाढात रात्री फ्यूज कॉल आला की तुम्ही रेनकोट चढवून निघायचात, आणि मी हट्टाने टॉर्च घेऊन फाटकापर्यंत यायचे. आई पान वाढून बसायची. तुमच्या सायकलचं स्टँड वाजल्याशिवाय तिने कधी घास घेतला नाही. ते मी रोज पाहिलंय आई, म्हणून तुला काळजी करू नकोस असं सांगत नाही. रोज रात्री, तुमच्या झोपायच्या आधी, मेसेज करीन. एवढं मात्र माझ्याकडून चुकणार नाही.

आता माझं ऐकायचं. मधल्या खोलीतला इन्व्हर्टर मागच्या पडवीत हलवा. आई त्या खोलीत निजते, पावसात खिडकी बंद असते आणि तुमची ट्युब्युलर बॅटरीही तोच हायड्रोजन सोडते. ती बॅटरी पन्नास किलोच्या वर आहे, बाबांनी हात लावायचा नाही. दादा रविवारी माणूस घेऊन येईल. पाणी फक्त डिस्टिल्ड, विहिरीचं नाही. भरताना चष्मा आणि रबरी हातमोजे, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तर पाहिजेतच. आईने बांगड्या घालून टर्मिनलजवळ पुसायला जायचं नाही, सोनं आडवं पडलं की हात भाजतो.

आणि गीझरच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या. बाबा, "अर्थिंग चांगलं आहे" हे उत्तर चालणार नाही. पैसे दादाकडे दिलेत, परत पाठवायचे नाहीत. बसवून झाला की टेस्टचं बटण दाबून तो ट्रिप होतो का बघा आणि मला व्हिडिओ पाठवा. शिडीवर दादा चढेल, तुम्ही खालून सांगा.

तुमची,
चिमी