चि. मृणालला पत्र

चि. मृणाल,
अनेक आशीर्वाद.

लष्करी नर्सिंगच्या मुलाखतीत ‘युद्धात नर्स काय करते?’ असं विचारलं, तर सेवा-त्याग वगैरे सांगत बसू नकोस. घड्याळाबद्दल बोल. तिथलं निम्मं काम म्हणजे वेळ सांभाळणं आणि ती लिहून ठेवणं.

टूर्निकेचंच घे, म्हणजे हातापायातून वाहणारं रक्त थांबवायच्या पट्ट्याचं. पट्टा जखमेच्या दोन-तीन इंच वर बांधायचा, सांध्यावर कधीच नाही, आणि रक्त थांबेपर्यंत आवळायचा. अर्धवट आवळला तर आत येणारं रक्त चालूच राहतं, परत जाणारं अडतं, आणि रक्तस्राव उलट वाढतो. बांधल्याची वेळ चिठ्ठीवर लिहायची, चिठ्ठी नसेल तर सरळ कपाळावर. साधारण दोन तासांनंतर स्नायू आणि मज्जातंतू निकामी व्हायला लागतात, म्हणून सर्जन आधी वेळ विचारतो. दया येऊन पट्टा मधेमधे सैल करू नये. तेवढ्यात थोडंथोडं करत बरंच रक्त जातं.

जखमी एकदम आले की आधी कुणाकडे जायचं? ओरडणाऱ्याचा श्वास चालू आहे, हे त्याच्या ओरडण्यावरूनच कळतं. गप्प पडलेला आधी बघ. श्वास मिनिटाला तीसच्या वर, मनगटाला नाडी लागत नाही, सांगितलेलं समजत नाही, यातलं एक जरी दिसलं तरी तो पहिल्या गटात. 1949 च्या पहिल्या जिनिव्हा करारानुसार हा क्रम फक्त वैद्यकीय निकडीवर ठरतो. शत्रूचा सैनिक जास्त गंभीर असेल तर आधी तो. वाचायला सोपं आहे. शेजारच्या स्ट्रेचरवर आपलाच पोरगा कण्हत असताना पाळायला नाही.

गारठ्याकडे दुर्लक्ष नको. थंड पडलेल्या शरीरात रक्त नीट गोठत नाही, म्हणून ब्लँकेट अंगावर तसं अंगाखालीही हवं. दुसऱ्या महायुद्धात याच गारठ्याने मॉर्फिनचा घोळ केला. रक्त गेलेल्या, गारठलेल्या माणसाच्या कातडीकडचा रक्तपुरवठा आटतो, त्यामुळे कातडीखाली दिलेलं औषध तिथेच साचून राहायचं. कळ थांबेना म्हणून दुसरा डोस, मग तिसरा. पुढे ऊब आणि रक्त मिळालं की सगळे डोस एकदम भिनायचे आणि श्वास मंदावायचा. रिकामी सिरेट (मॉर्फिनची सुईवाली छोटी ट्यूब) जखमीच्या कॉलरला टाचायची पद्धत होती ती यासाठीच: किती दिलंय ते पुढच्या ठाण्यावर दिसावं.

अँटिबायोटिक्स नव्हती तेव्हाचं काम तर बघच. पहिल्या महायुद्धात खत घातलेल्या शेतांतली माती जखमांत जायची आणि गॅस गँगरीन व्हायचा, म्हणजे जंतूंमुळे मांस सडून आत वायू धरायचा. त्यावर कॅरल-डेकिन पद्धत आली. सर्जनने मेलेलं मांस कापून काढलं की जखमेत बारीक रबरी नळ्या बसवायच्या आणि त्यांतून साधारण अर्धा टक्का हायपोक्लोराइटचं जंतुनाशक द्रावण दर दोन तासांनी सोडायचं, रात्रीसुद्धा. द्रावण तीव्र झालं तर मांस भाजतं, शिळं झालं तर निरुपयोगी. भोवतालची कातडी सोलवटू नये म्हणून व्हॅसलीनचं गॉझ लावायचं. नळी तुंबली की जखमेचा तेवढाच कोपरा नासतो, म्हणून प्रत्येक नळी वेगळी तपासायची. हे सगळं नर्सच्या हातात होतं. पद्धतीला नावं मात्र सर्जनचं आणि रसायनशास्त्रज्ञाचं! पुढे पेनिसिलिन आलं, पण ते लघवीवाटे इतक्या लवकर निघून जायचं की दर तीन-चार तासांनी सुई टोचत अख्खा वॉर्ड फिरावा लागे.

गँगरीन आधी ओळखतो तो ड्रेसिंग करणाराच. ताप बेताचा पण नाडी भलतीच जलद, जखमेपासून लांबपर्यंत सूज, गोडसर कुजका वास, आणि दाबलं की कातडीखाली हवेची करकर. असं दिसलं तर सकाळच्या राउंडची वाट बघायची नाही, सर्जनला उठवायचं. म्हणूनच युद्धातली जखम लगेच शिवत नाहीत. उघडी ठेवून, स्वच्छ दिसली तर चार-पाच दिवसांनी शिवतात.

दंडावरच्या रेडक्रॉसवर फार विसंबू नकोस. 16 फेब्रुवारी 1942 ला सुमात्राजवळच्या बांगका बेटावर जपानी सैनिकांनी 22 ऑस्ट्रेलियन नर्सेसना समुद्रात चालायला लावून मागून गोळ्या घातल्या. त्यांतली एकच वाचली. आजच्या करारात नर्सला स्वतःच्या आणि आपल्या रुग्णांच्या बचावासाठी शस्त्र बाळगता येतं. त्यापलीकडे वापरलं तर संरक्षण जातं, ही अट नीट पाठ कर.

तुझी,
आई