बोरी पुलाजवळ भेटलेल्या त्या दोघांचे आभार

रविवारी फोंड्याहून मडगावला जाताना बोरी पुलाच्या अलीकडे आमच्या अँबॅसिडरचं स्टिअरिंग एकदम जड झालं. तेलाच्या दाबावर चालणारं हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग आठवड्यापूर्वीच बसवलेलं. पंप कण्हत होता, टाकीतलं लाल तेल फेसाळून गुलाबी झालेलं.

स्कूटरवरून चाललेले एक वयस्क मेकॅनिक आणि त्यांच्यासोबतचा मुलगा आपणहून थांबले. काकांनी पंपाला हातच लावला नाही. प्रेशर पाइपच्या बँजो बोल्टखालून (पाइप जोडणारा पोकळ बोल्ट) बोट फिरवलं, ते तेलकट निघालं. बसवताना जुनेच तांब्याचे वॉशर परत वापरले होते (पाच-दहा रुपयांची काटकसर!). एकदा दबलेला वॉशर पुन्हा नीट बसत नाही. तेल गळतं, पातळी उतरली की पंप हवा ओढतो.

तारेत ओवलेल्या वॉशरांतून त्यांनी मापाचे दोन काढून घातले. मागच्या चाकांना दगड, पुढच्या क्रॉसमेंबरखाली (गाडीच्या आडव्या लोखंडी तुळईखाली) जॅक. आतली हवा निघावी म्हणून इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश वीसेक वेळा फिरवायला लावलं आणि स्वतःकडचं एटीएफ (तेच लाल तेल) थोडंथोडं ओतत राहिले. बुडबुडे थांबल्यावरच इंजिन सुरू करू दिलं. "टोकाला दाबून धरू नका बाब, पंप तापतो."

एवढ्यात पाऊस आला. टाकीत पाणी जाऊ नये म्हणून मुलाने अंगातला रेनकोट काढून तिच्यावर धरला आणि शेवटपर्यंत तसाच भिजत उभा राहिला.

पैसे घेतले ते फक्त तेलाचे. नावं विचारायची राहून गेली. काका, बाळा, मनापासून आभार. स्टिअरिंग आता एका बोटाने वळतं.