बेटांवरच्या वनस्पती आणि बागेतली नोंदवही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेटांवरच्या मूळच्या वनस्पती जपणाऱ्या उद्यानाची बातमी आली की किती दुर्मीळ जाती तिथे आहेत, हा आकडा ठळक छापला जातो. आमच्या मते त्याआधी विचारावे ते असे : एकेका जातीची रोपे किती वेगवेगळ्या मातृवृक्षांपासून आलेली आहेत? एकाच झाडाची शंभर कलमे केली तरी जनुकांच्या हिशेबात ते एकच झाड राहते.

हिंदी महासागरातल्या रॉड्रिग्ज बेटावरचे काफे मारॉन हे झुडूप नामशेष मानले गेले होते. १९८० मध्ये ते सापडले, पण एकच. १९८६ मध्ये त्याच्या फांद्या लंडनच्या क्यू उद्यानात नेल्या. तिथे रोप जगले, फुलांनी बहरले, पण फळ धरेना. २००३ मध्ये तिथले उद्यानतज्ज्ञ कार्लोस मॅग्डालेना यांनी कुक्षीचा (फुलातल्या पराग धरणाऱ्या मादीभागाचा) शेंडा कापून तिथे पराग लावले, तेव्हा कुठे बी मिळाले. मॉरिशसमध्ये क्युरपीपच्या बागेतला हायोफोर्बे अमारिकॉलिस हा पाम तर आजही एकटाच आहे. त्याची नरफुले आधी उमलून गळतात आणि मादीफुले मागाहून येतात, म्हणून त्याचे पराग त्याच्याच मादीफुलांना मिळत नाहीत.

दुसरा धोका बागेतच तयार होतो. रानात डोंगरदऱ्यांमुळे लांब राहिलेल्या भावंड-जाती वाफ्यात शेजारी आल्या की कीटक त्यांचा सहज संकर घडवतात. कॅनरी बेटांवरच्या आर्गिरॅन्थेमम या डेझीसारख्या फुलझाडांची हीच अडचण आहे. असे बी रानात परत नेले तर मूळ जातच भेसळीत बुडते. म्हणून कळी उमलण्याआधी चिमट्याने परागकोश काढावेत आणि फुलावर मलमलची पिशवी बांधावी. त्याच जातीच्या दुसऱ्या मातृवृक्षाचे पराग कुंचल्याने लावून कुक्षी सुकेपर्यंत पिशवी ठेवावी. देठाला दोन्ही झाडांचे क्रमांक लिहिलेली चिठ्ठी हवीच. कुंचला स्पिरिटने पुसला तर पूर्ण वाळू द्यावा, नाहीतर पराग मरतात.

रानातून बी आणताना झाडावरच्या एकूण बियांच्या दहा टक्क्यांपुढे जाऊ नये आणि प्रत्येक झाडाचे पाकीट वेगळे ठेवावे. साधारण १५ टक्के सापेक्ष आर्द्रतेत वाळवून उणे १८ अंश सेल्सिअसला ठेवणे ही रूढ पद्धत आहे, पण ती सगळ्यांना चालत नाही. हवाईच्या कॅम्पॅन्युलेसी (घंटाफुलांच्या) आणि रुबिएसी (कॉफीच्या) कुळांतल्या अनेक बिया गोठवल्यावर लवकर मरतात. त्यांना ५ अंश मानवतात. म्हणून ठरावीक काळाने थोडे बी रुजवून पाहणे आणि उगवण घसरू लागताच नवी रोपे करणे टाळता येत नाही.

सगळा साठा एकाच जागी ठेवणेही घातक आहे. हवाईतल्या मोलोकाई बेटावरचे कोकिया कुकेई हे अखेरचे झाड १९७८ मध्ये आगीत गेले. वाचलेल्या फांदीचे कलम जवळच्या नात्यातल्या जातीच्या खुंटावर बांधता आले म्हणून ती जात टिकली.

आपल्या वार्ताहरांनी अशा बागेत गेल्यावर फुलांच्या छायाचित्राबरोबर मातृवृक्षांची नोंदवही पाहायला मागावी आणि दुसरा साठा कुठे आहे तेही विचारावे, ही विनंती.

आपले,
वनस्पतिशास्त्राचे काही अभ्यासक